बोटभर पट्टी

मुलाचे वजन करू नये, असा आमच्या आजीचा दंडक होता. वजन केले की ते कुणाला तरी सांगावेसे वाटते, सांगितले की दृष्ट लागते आणि दृष्ट लागली की मूल वाळते; इतका सरळ हिशेब. तागडीत घालायचा तो गूळ, घालायचे ते धान्य, लेकरू नव्हे. मूल गुटगुटीत असले तर तसे म्हणायचे नाही, 'बरं आहे हो' एवढेच म्हणायचे. आणि किरकोळ असले तर 'बापावर गेलंय' किंवा 'आमच्याकडची हाडंच बारीक' असे काहीतरी बोलून विषय मिटवायचा. संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि त्या तडतडल्या की त्या दिवसाचे बालसंगोपन संपले.

आजीला जाऊन तीस वर्षे झाली. कल्याणात आता चूल शोधून सापडायची नाही. पण तो दंडक काही चुलीबरोबर गेला नाही. लिफ्टमधून सातव्या मजल्यावर जाऊन तो सुखाने राहिला आहे. हे मला ठाऊक असण्याचे कारण, मी बालवर्गाची बाई आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. (आता दहावी म्हणतात, पण आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हटले आणि मलाही तेच बरे वाटते.) तीन ते पाच वर्षांची मुले सांभाळायला तेवढे पुरते. उरलेल्या वेळात मी कादंबऱ्या लिहिते. त्या किती खपतात हा विषय सणासुदीच्या दिवसांत नको. सांगायचे एवढेच की मुले पाहणे हा माझा वीस वर्षांचा धंदा आहे आणि त्यांचे आईबाप पाहणे हा जोडधंदा. पालकसभेत एखाद्या आईला 'हिच्या खाण्याकडे जरा बघा हं' असे म्हणून पाहावे. मुलगा मारामारी करतो म्हटले तर बाप मनातून सुखावतो, आकडे येत नाहीत म्हटले तर आई क्लास शोधते. पण मूल बारीक आहे म्हटले की दोघांचे चेहरे असे होतात, जणू मी त्यांच्या धान्याच्या डब्यात हात घालून पाहिला.

गेल्या वर्षी भाद्रपदात, गणपती नुकतेच गेले होते, तेव्हा माझ्या भाचीची मुलगी जुलाबांनी आजारी पडली. भाची डोंबिवलीला राहते, पूर्वेला. माझी थोरली बहीण गेल्यापासून तिचे माहेर म्हणजे मीच. मुलगी चौदा महिन्यांची. नवराबायको दोघे नोकरीला. सकाळी सातच्या सुमाराच्या लोकलला दोघे लोंबकळतात ती रात्री आठला घरी येतात. मुलीला तिची आजी, म्हणजे आमच्या विहीणबाई, जिवापाड सांभाळते. एका खासगी दवाखान्यात दोन दिवस काढले. तिथला खर्च पाहून जावयांनी मुलीला ठाण्याच्या एका सरकारी इस्पितळात हलवले. मुलांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थारा नाही आणि विहीणबाईंचे गुडघे जिन्याला भितात. तेव्हा सोबतीला मी गेले आणि चार रात्री राहिले.

पहिली रात्र मीठसाखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजण्यात गेली. सकाळी मुलीने डोळे उघडून माझा चष्मा ओढला, तेव्हा आम्ही दोघींनी सुटकेचा श्वास टाकला. आता घरी जायचे, असे भाचीच्या मनाने घेतलेही. तेवढ्यात सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, साताऱ्याकडच्या, आवाज खणखणीत. त्यांच्यामागून एक मावशी वजनकाटा आणि मूल निजवून मोजायची लाकडी फळी घेऊन येत होत्या, आणि सिस्टरांच्या हातात होती एक बोटभर रुंदीची, कागदासारखी पातळ पट्टी. तिच्यावर तीन रंग: लाल, पिवळा, हिरवा.

मी पाहत होते. त्या कुणालाच सोडीत नव्हत्या. खोकला घेऊन आलेले, ताप घेऊन आलेले, कुत्रा चावलेले, सगळे सारखे. एक मुलगा झोक्यावरून पडून हात मोडून आला होता; त्याचा नेमका डावाच हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्याचा उजवा मोजला. त्याचा बाप म्हणाला, "अहो, हाड मोडलंय याचं." सिस्टर म्हणाल्या, "हाडाला काय खायला घालता ते बघायला नको?"

पट्टीचे काम असे. मुलाच्या डाव्या हाताचा खांदा ते कोपर हे अंतर पाहायचे, त्याच्या मध्यावर खूण करायची, हात सैल सोडायचा आणि तिथे ही पट्टी गुंडाळायची. कातडीला टेकेल इतकी, रुतेल इतकी नाही. पट्टीच्या खिडकीत आकडा दिसतो. साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर हिरवा, साडेअकरा ते साडेबाराच्या मधला पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. मला नवल वाटले ते याचे की सहा महिन्यांच्या तान्ह्यापासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना ही एकच रेघ. सिस्टरांना विचारले तर म्हणाल्या, पहिल्या वर्षानंतर पाच वर्षांपर्यंत मुलाचा दंड फारसा जाड होतच नाही. बाळसे उतरते आणि त्याच्या जागी मांस भरते, घेर जवळजवळ तोच. वीस वर्षे मी मुलांचे दंड धरून त्यांना रांगेत उभे करीत आले; पण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बगदादचे डॉक्टर शाकिर आणि इंग्रज डॉक्टर मोर्ली यांनी अशी रंगीत पट्टी १९७४ साली वैद्यकीय जगापुढे मांडली, हे मी पुढे वाचले. जिथे काटा नाही, वाचता येणारे माणूसही नाही, तिथेसुद्धा मूल मोजता यावे म्हणून रंग. आकडा नाही कळला तरी लाल कुणालाही कळतो.

आमच्या मुलीच्या दंडाला पट्टी बसली. बारा पूर्णांक एक. पिवळा.

"सिस्टर, काहीतरी चुकतंय," भाची म्हणाली. "जुलाबांनी उतरलीय ती. परवापर्यंत छान होती."

"जुलाबानं वजन उतरतं. म्हणून वजन आपण अंगात पाणी भरल्यावर पुन्हा घेऊ. दंड असा दोन दिवसांत उतरत नसतो, बाळा. हे दोन-तीन महिन्यांचं आहे."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. केसपेपरवर त्यांनी एक शब्द लिहिला होता. भाचीने तो वाचला, कागद उलटा करून उशीखाली सारला आणि माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, राग होता. "कुपोषित? मावशी, आमच्याकडे रोज साजूक तूप असतं. बदाम उगाळून देते मी तिला. आम्ही काय मोखाड्याचे आहोत?"

तिला तरी काय बोल लावायचा? कुपोषण म्हणजे जव्हार-मोखाडा, हे आमच्या पिढीच्या मनावर वर्तमानपत्रांनी कोरूनच ठेवले आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला मुले दगावली, मंत्री गेले, छायाचित्रे छापून आली. तेव्हा जव्हार आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा निराळा झाला, नकाशावर रेघ आली, आणि कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला मनातल्या मनात वाटले की तो शब्दही रेघेपलीकडे गेला. तो गेलेला नाही. २०१९ ते २१ या काळात देशभर घरोघर जाऊन जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरांतली पंचवीसहून अधिक मुले उंचीच्या मानाने रोड भरली. चारांतले एक. चार मुले म्हणजे माझ्या वर्गातले एक बाक.

भाचीने दुसरा मुद्दा काढला तो आमच्या आजीचा होता, फक्त इंग्रजी शाळेतून आलेला. "ही मापं परदेशी मुलांची असतात. आपली हाडं लहान." हे मी डॉक्टरांच्या कानावर घातले. डॉक्टर म्हणजे पंचविशीचा पोरगा, रात्रभर न झोपलेला. पण त्याने उभ्याउभ्या छान समजावले. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या वाढीचे जे तक्ते काढले, त्यांसाठी सहा देशांतली मुले वर्षानुवर्षे मोजली होती: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुले होती दक्षिण दिल्लीतली. आईचे दूध मिळालेली, वेळेवर वरचे अन्न मिळालेली, आजारात औषध मिळालेली मुले निवडली. आणि नॉर्वेचे मूल आणि दिल्लीचे मूल पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखेच वाढले. "हाडांचा फरक पुढे," डॉक्टर म्हणाला, "आत्ता फरक ताटाचा."

बरे, परदेशात तरी सगळे हिरवेच असते का? तसेही नाही. हॉलंड हा दूधलोण्याचा देश. तिथल्या चव्वेचाळीस इस्पितळांत डॉक्टरांनी एकदा दाखल झालेली सगळी मुले मोजली आणि २०१० साली हिशेब मांडला, तर पाचांतले जवळजवळ एक मूल कमी पोसलेले निघाले. कोणी आत्ताचे, कोणी जुने. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी चार प्रश्नांची एक परीक्षा बसवली. मूल पाहताच रोड वाटते का? त्याचा आजारच अंग खाणारा आहे का? खाणे कमी झाले आहे का, जुलाब-ओकाऱ्या आहेत का? वजन घटले किंवा वाढायचे थांबले आहे का? दाखल होताना दोन-चार मिनिटांत विचारून होते. कारण इस्पितळात आलेले मूल एका गोष्टीसाठी आलेले असते आणि सगळे त्या एका गोष्टीकडे पाहतात. खोकल्याचे मूल खोकल्याच्या औषधाने बरे होऊन घरी जाते आणि महिन्याभराने पुन्हा खोकला घेऊन येते. अंगात राखीव काही नसले तर साधा आजार लांबतो, आणि आजार लांबला की उरलेसुरले राखीवही जाते. शिवाय इस्पितळ स्वतः थोडे खातेच: तपासणीसाठी उपाशी ठेवा, सलाईन लागले म्हणून भूक नाही, ताटातली भाजी अनोळखी. म्हणून आल्या दिवशी आणि जायच्या दिवशी, दोन्ही वेळा मोजायचे.

दुपारी सिस्टर स्टूल ओढून भाचीपाशी बसल्या. मला वाटले आता बोधामृत येणार. पण त्यांनी एवढेच विचारले, "काल नको, आजारपणातलं नको. त्याच्या आधीच्या सोमवारी मुलीनं सकाळपासून काय खाल्लं, तेवढं सांग." आणि मग भाचीला सांगता येईना. सोमवारी ती घरी कुठे होती? फोन करून सासूबाईंना विचारावे लागले. यादी आली. सकाळी दूध, त्यात बिस्किट. दहाला वरणाचे पाणी. मग झोप. दुपारी भाताची पेज, तिच्यात तुपाचे बोट. चारला पुन्हा दूध-बिस्किट. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी हातात दिलेला कुरकुऱ्यांचा पुडा, 'नुसती चघळते हो'. रात्री आई आल्यावर उगाळलेले दोन बदाम.

"वरण कोण खातं?" सिस्टरांनी विचारले.

"आम्ही."

"आणि मुलगी पाणी पिते."

वाचकहो, वरणाचे पाणी हा आपल्या घरांतला केवढा लाडका पदार्थ आहे! पचायला हलके, बाळाच्या पोटाला सोसणारे. कुकर उघडला की वरचे निथळ पाणी बाळाला आणि खालची डाळ मोठ्यांना. प्रेमाने आपण मुलाला डाळीतली डाळ सोडून बाकी सगळे देतो. चौदा महिन्यांच्या मुलाचे पोट त्याच्या मुठीहून फार मोठे नसते. ते पाण्याने भरले की भरले. मूल तृप्त दिसते, झोपते. आजी म्हणते, गुणाची आहे, मागत नाही. आणि मग चमचाभर घट्ट वरणभात पुढे आला तर तोंड फिरवते, म्हणून 'हिला घट्ट आवडतच नाही'. सिस्टरांनी खूण सांगितली ती मी माझ्या वर्गाच्या आयांना शब्दशः सांगते: चमचा वाकडा केल्यावर जे ओघळून जाते ते बाळाचे जेवण नव्हे. चमच्यावर राहील ते जेवण. डाळच कुस्करायची, तिच्यात तेल किंवा तूप चमचाभर, बोटभर नव्हे. घरात चालत असेल तर अंडे. आणि दिवसातून दोनदा नव्हे, चार-पाचदा. बिस्किटाने भूक मरते, भागत नाही. (फराळाचे ताट पुढे घेऊन हे वाचत असाल तर एवढे पाहा, मांडीवरच्या बाळाच्या हातात चकलीचा तुकडा आहे का. त्याने मूल गप्प बसते हे खरे.)

आणखी एक गोष्ट त्या स्टुलावर उघडी पडली. भाचीच्या इमारतीमागे चाळ आहे, चाळीत अंगणवाडी आहे. तिथली सेविका दर महिन्याला मुलांचे वजन करते, दंड मोजते. "तुमच्या मुलीचं नाव तिथं नाही?" भाची म्हणाली, "ती आपल्यासाठी नसते." अंगणवाडी हे नाव तसे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जी बालवाडी थेट घरांच्या अंगणात नेली, तिचे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव पडले. पण अंगण गेले आणि पार्किंग आले, तशी अंगणवाडी आपली राहिली नाही. चाळीतले मूल महिन्याला मोजले जाते. इमारतीतले मूल मोजले जाते ते लस टोचायला नेले तर. गोवराची पहिली लस नवव्या महिन्याला. मग पुढची सोळाव्या महिन्यानंतर. मधले सात महिने, म्हणजे दूध कमी होऊन अन्न वाढायला हवे नेमके तेच, या मुलीकडे प्रेमाने पाहणारी सहा माणसे होती आणि मोजणारे एकही नव्हते. रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही म्हणतात. न वाढणेही दिसत नाही.

आमच्या समोरच्या खाटेवर एक मुलगा होता. दोन वर्षांचा असेल. शहापूर तालुक्यातल्या कातकरी वाडीवरून आई आणि आजी त्याला घेऊन आल्या होत्या. आईच्या ओटीत आणखी एक तान्हे. मुलाचे गाल गोल, पोट गोल, पाय भरलेले. वॉर्डातले सर्वांत गुटगुटीत मूल कोणते म्हणून मला विचारले असते तर मी त्याच्याकडे बोट केले असते. आजी कौतुकाने सांगत होती, "पोर अंगानं भरलंय, बाई. नुसतं किरकिरतंय, खात काय न्हाई." केस तेवढे तांबूस, विरळ, आणि तो कुणाकडेच पाहत नव्हता.

सिस्टरांनी पट्टी लावली: पिवळा. मग त्यांनी पट्टी खिशात टाकली आणि मुलाचे दोन्ही पाय हातांत घेऊन, पावलांवर आपले अंगठे दाबून धरले. एक, दोन, तीन. अंगठे काढले. दोन्ही पावलांवर खळगे तसेच राहिले, भिजल्या मातीत बोट रुतवावे तसे. सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. त्यांनी डॉक्टरला हाक मारली.

ते बाळसे नव्हते, सूज होती. दोन्ही पायांना अशी सूज असली की पट्टीचा रंग कोणता हे पाहायचेच नाही. ते मूल सर्वांत धोक्यातले. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, या आजाराचे वर्णन केले आणि तिथल्या बायका वापरीत तेच नाव त्याला ठेवले: क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आले की थोरल्याला होणारे दुखणे. आईच्या ओटीतल्या तान्ह्याकडे पाहून मला ते नाव वेगळे समजावून घ्यावे लागले नाही. थोरल्याचे दूध तुटले आणि त्याच्या वाट्याला पेज आली. पावसाळ्याचे दिवस, मजुरी नाही, घरातले धान्य सरत आलेले.

त्याच दुपारी त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात हलवले. माझ्या मनात आले, आता याला पोटभर खायला घालतील. तर तसे नव्हते. इतक्या खंगलेल्या शरीरावर एकदम अन्न लोटले तर जीवच जातो. आधी एफ-७५ नावाचे पातळ दूध, मोजून, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. शंभर मिलिलिटरमध्ये पंचाहत्तर उष्मांक, म्हणून ते नाव. भूक जागी झाली की मग एफ-१००. भिंतींवर चित्रे, चटईवर खेळणी, कारण उपाशी मूल खेळायचेही विसरते. साधारण चौदा दिवस राहायचे. आईला जेवण आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रुपये. सायनच्या टिळक इस्पितळात तर शेंगदाणे, दूधपावडर, साखर आणि तेल यांत जीवनसत्त्वे मिसळून मुलांसाठी खास खाऊ बनवतात, असे सिस्टरांनी सांगितले. तोंडात धरायला लाडवासारखा.

तिसऱ्या दिवशी मी त्या केंद्रात डोकावले. आजी भिंतीला टेकून रडत होती. मला पाहताच म्हणाली, "बगा बाई, हितं आणून पोर वाळवलं यांनी. वजन कमी झालं म्हणत्यात. आमी घेऊन जातो." मुलाचे गाल उतरले होते, बरगड्या वर आल्या होत्या. खरोखरच वजन घटले होते. सूज ओसरली की ते घटतेच. आत जे मूल होते तेवढे ते आता दिसू लागले होते. तिथल्या आहारताई तिला हेच चौथ्यांदा सांगत होत्या. आजी ऐकत होती आणि ऐकत नव्हती. घरी आणखी दोन पोरे, गाय, गळकी झोपडी. चौदा दिवस कुणी काढायचे? मी काय बोलणार? मी तिच्याशेजारी बसले. तेवढ्यात मुलाने आईच्या हातातल्या वाटीला हात घातला आणि ती आपल्याकडे ओढली. वाटी लवंडली, दूध सांडले, आई ओरडली. आहारताई मात्र हसल्या. "आजी, पाहिलंत? त्यानं मागितलं," त्या म्हणाल्या. आजीने पदराने नाक पुसले. त्या दिवशी तरी ती गेली नाही.

इकडे आमच्या वॉर्डात वेगळेच नाटक वाढून ठेवले होते. भाचीचा हट्ट: तो शब्द केसपेपरवरून खोडून घ्यायचा आणि सासूबाईंना काही सांगायचे नाही. "त्यांना वाटेल मी त्यांच्यावर ठपका ठेवतेय. किंवा म्हणतील, आईचं लक्ष नाही. मावशी, दोन्हीकडून मीच." मी म्हटले, शब्द खोडता येईल, दंड कसा खोडायचा? आणि रोज सकाळी मुलीच्या तोंडात घास घालणारा हात तर त्यांचाच आहे. त्यांच्यापासून लपवून मुलीला जेवू घालायचे म्हणजे रात्री आठनंतर.

चौथ्या दिवशी विहीणबाई गुडघे धरत जिना चढून आल्या. मी मनाशी पुष्कळ वाक्ये जुळवून ठेवली होती. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला ती यावीत. पण सिस्टरांनी मला बोलूच दिले नाही. त्यांनी पट्टी विहीणबाईंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आजी, तुमचा हात हलका आहे. जरा धरता का?" विहीणबाईंनी चष्मा लावला, नातीचा दंड हळूच पुढे घेतला, पट्टी गुंडाळली, आणि खिडकीतला रंग पाहिला. बराच वेळ पाहिला. कुणी काही बोलले नाही.

मग त्या म्हणाल्या, "याचा बापही असाच होता. सव्वा वर्षाचा असताना. सगळे म्हणायचे, हाडं बारीक." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेव्हा ही असती तर बरं झालं असतं." पट्टी त्यांनी परत केली नाही; घडी करून पर्समध्ये, रेल्वेच्या पासाशेजारी ठेवली. सिस्टरांनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले.

भाचीने उशीखालचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला आणि एवढेच विचारले, "तूप किती म्हणालात? चमचा चहाचा की जेवणाचा?"

पंधरा दिवसांनी आणि मग पुढे तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला बोलावले होते. दुसऱ्या खेपेला मीही गेले. दिवाळी तोंडावर आली होती. डोंबिवली स्टेशनात फडके रोडच्या बाजूने कंदिलांचे ढीग लागले होते. पट्टीवर बारा पूर्णांक सहा आले. हिरव्याच्या काठावर, पण हिरवे. वजनाची रेघही वर वळली होती. विहीणबाईंनी आकडा दोनदा विचारला, आणि लगेच मुलीच्या कानामागे काजळाचे बोट लावले. मग सिस्टरांना म्हणाल्या, "ती डाळ खाते आता. मग ते वरचं पाणी कुणी प्यायचं?" सिस्टर म्हणाल्या, "मुलाला पाजा तुमच्या. पोट सुटलंय."

निघताना मी शहापूरच्या त्या मुलाचे विचारले. तो पुरे चौदा दिवस राहिला होता. जाताना सूज नव्हती, वजन वाढू लागले होते, आणि आहारताईंना पाहून तो हसत असे. त्याची पुन्हा दाखवायची तारीख आदल्या दिवशीची होती. सिस्टरांनी वही काढली. नावापुढची जागा रिकामी होती.

"दिवाळी झाली की ही मंडळी वीटभट्टीवर जातात," त्या म्हणाल्या. "एकदा भट्टीवर गेली की कुठं शोधायची?" त्यांनी वाडीच्या आशाताईंचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. आमची ठाण्याहून सुटणारी लोकल होती, भाची घड्याळाकडे पाहत होती, मुलगी कडेवर चुळबुळत होती. मी म्हटले, थांबू या जरा. तिसऱ्यांदा पलीकडे घंटा वाजू लागली.